भडक्याचा डावा हात

भडका लोहार रस्त्याने निघाला की माणसं त्याच्या डाव्या अंगाने जात नसत. उजव्या अंगाने गेलं तर फक्त शिवी मिळायची. डाव्या अंगाने जाताना पिशवी, छत्रीची काडी, काहीही त्याच्या डाव्या हाताला घासलं, तर त्याचा उजवा हात येऊन कानाखाली बसायचा, आणि तो हात लोहाराचा होता. एकदा एका सायकलवाल्याचं हँडल घासलं. सायकलवाला तीन दिवस एकाच कानाने ऐकत होता आणि त्याची सायकल कायमची एका बाजूला वळायला लागली. आमच्या गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं की घरमालक पाणी किती वाजता येतं हे सांगायच्या आधी हे सांगून टाकायचा.

भडका हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते नाव फार सोज्वळ होतं. मतदारयादी तपासायला आलेल्या कारकुनाने ते वाचलं, भडक्याकडे बघितलं आणि "हे सद्गृहस्थ कुठे राहतात?" असं त्यालाच विचारलं. कारकुनाची यादी नंतर गटारात सापडली. कारकून आधीच सापडला होता.

त्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. वरच्या अंगाला दगडाची खाण. तिथल्या पहारी आणि छिन्न्या रोज सकाळी बोथट होऊन त्याच्याकडे यायच्या आणि संध्याकाळी टोकदार होऊन, तापल्या टोकाला पाणी देऊन कडक होऊन परत जायच्या. हे काम एकट्याचं नाही. लोहार डाव्या हातातल्या सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि उजव्या हातातल्या छोट्या हातोडीने त्यावर एक टिचकी देतो. ती टिचकी जिथे पडेल, तिथे समोरच्याने घण घालायचा. विचारायचं नाही, बोलायचं नाही, आणि विचार तर अजिबात करायचा नाही, कारण विचार करेपर्यंत लोखंड थंड होतं. रिकाम्या ऐरणीवर दोनदा टणटण वाजलं की थांबायचं. बस्स, एवढीच भाषा.

भडक्यासमोर घण मारायला त्याची बायको असायची. लोहारीण दारातून आत येताना आधी तिचे खांदे यायचे, मग जरा वेळाने बाकीची ती. आवाज मात्र इतका बारीक की शिंप्याच्या दुकानातून ऐकणाऱ्याला वाटावं, एखादी शाळेतली मुलगी घण मारते आहे. समोरचा शिंपी म्हणायचा, "ह्या बाईने नवऱ्याशी भांडायचं ठरवलं तर भांडण एकाच वाक्याचं होईल." पण भांडणं व्हायची ती लांबलचक, आणि त्यात दोघांचंही बोलणं सारखंच धारदार असायचं. काम सुरू झालं की मात्र दोघं गप्प. टिचकी, घण. टिचकी, घण. सोळा वर्षांत लोहारणीचा नेम एकदाही चुकला नव्हता.

त्या दिवशीही चुकला नाही. घोटाळा तिथेच झाला.

खाणीचा मुकादम ऐन कामात दुकानात शिरला. हातात पहारीचे दोन तुकडे. मुकादम म्हणजे मानेच्या जागी थेट खांदे असलेला, लोकांच्या छातीवर बोट ठेवून बोलणारा माणूस.

"तुझ्या लोखंडाला पाणीच नीट बसत नाही," तो म्हणाला. "पहिल्या घावाला तुटली. माझा गडी तोंडावर आपटला."

"गड्याला पहार धरायला शिकव."

"गडी वीस वर्षं खाणीत आहे. तुझा हात गेलाय आता."

कसबी माणसाला कोणी बापावरून बोललं तर चालतं, हातावरून बोललेलं चालत नाही. भडका उसळला. "माझा हात? कोणाच्या हाताबद्दल बोलतोस? ह्या हाताबद्दल?" आणि 'ह्या' म्हणताना त्याने उजव्या हातातल्या हातोडीने, ऐरणीच्या कडेला टेकलेल्या स्वतःच्या डाव्या मनगटावर एक टिचकी मारली.

घण वरच होता. टिचकी वाजली आणि तो खाली आला.

लोहारणीने शेवटच्या क्षणी तो आवरला असं ती म्हणते. आवरला नसता तर मनगटाचं पीठ झालं असतं. आवरला म्हणून फक्त चार तुकडे झाले. आवाज मात्र शिंप्याने ऐकला आणि त्या दिवशी त्याने कात्रीला हात लावला नाही. भडका ओरडला नाही. त्याने आधी मनगटाकडे बघितलं, मग बायकोकडे, मग मुकादमाकडे, आणि उजव्या हातातली हातोडी मुकादमाच्या नाकावर घातली. मग तो खाली पडला.

हाडं तीन महिन्यांत जुळली. मुकादमाचं नाकही जुळलं, जरा पश्चिमेकडे. पण प्लास्टर निघालं त्या दिवसापासून भडक्याच्या हातात जे दुखणं शिरलं ते सहा वर्षं हललं नाही. हात लालबुंद दिसायचा, कातडी ताणलेली आणि चकचकीत. कधी भट्टीसारखा तापायचा, कधी दगडासारखा गार पडायचा. पंख्याचा वारा लागला तरी कोणी कानस घासतंय असं वाटायचं. शर्टाची बाही सोसेना, तेव्हा शिंप्याने त्याच्या सगळ्या शर्टांची डावी बाही खांद्यापासून कापून टाकली. त्या बाह्यांची शिंप्याने पिशवी शिवली. भडक्याने ती पिशवी ओळखली आणि शिंप्याच्या दुकानाची काच फोडली.

सांडशी धरणं तर दूरच. आता लोखंड उजव्या हातात आणि टिचकी द्यायला हातच नाही. हातोडीच्या जागी तोंड आलं. "इकडे. अगं इकडे. तुला डोळे आहेत का बटणं?" असं दिवसभर चालायचं. लोखंड थंड व्हायचं, माणसं तापायची. आणि प्रत्येक भांडण फिरून फिरून त्याच दोन वाक्यांवर यायचं.

"तू मारलंस."

"तुम्ही दाखवलंत."

पहिल्या दोन वर्षांत गल्लीने बाजू घेतल्या. तिसऱ्या वर्षी कंटाळून सोडल्या. ती दोघं मात्र थकली नाहीत.

मग एका दुपारी शिंपी धावत दुकानाच्या बाहेर आला, आणि त्याच्या मागोमाग आम्ही चारजण. समोर लोहाराच्या दुकानात भडका गुडघ्यावर बसला होता. डावा हात ऐरणीवर. उजव्या हातात लोखंड तोडायची रुंद छिन्नी, तिची धार मनगटाच्या वर चार बोटं टेकवलेली. आणि तो अगदी शांतपणे, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बायकोला सांगत होता.

"एकच घाव. छिन्नीच्या डोक्यावर. मी हलणार नाही."

"वेड लागलंय तुम्हाला."

"सहा वर्षं झाली. रात्री चादर लागली तरी मी उठून बसतो. हा हात नको मला. घाल."

"मी नाही घालणार."

"तेव्हा बरा घातलास."

लोहारणीने घण उचलला. आम्ही पाचही जणांनी डोळे मिटले, पैकी शिंप्याने एकच. घण पाण्याच्या टाकीत जाऊन पडला आणि पाणी छपरापर्यंत उडालं. पाठोपाठ तिने नवऱ्याच्या थोबाडीत अशी दिली की छिन्नी एकीकडे आणि भडका दुसरीकडे गेला. मग उजव्या बखोटीला धरून तिने त्याला उभा केला आणि तसाच, ओल्या कपड्यांनी, सरकारी दवाखान्यापर्यंत चालवत नेला. वाटेत त्याने दोनदा पळायचा प्रयत्न केला. दुसऱ्या प्रयत्नानंतर तो लंगडत होता.

हाडांच्या डॉक्टरांनी हात बघितला, कागद बघितले. "कापायचा नाही," ते म्हणाले. "हाडं चांगली आहेत. पलीकडे भुलीच्या डॉक्टरबाई बसतात, त्यांच्याकडे जा."

भुलीच्या डॉक्टरबाई म्हणजे ऑपरेशनच्या आधी माणसाला झोपवतात त्या. आठवड्यातून एक दिवस त्या न झोपवता दुखणाऱ्यांना बघायच्या. लहानखुऱ्या, कॅनव्हासचे बूट घातलेल्या, आणि समोरच्याच्या आवाजाने न बिचकणाऱ्या. भडक्याने दारातूनच ओरडून सांगितलं, "मला झोपायचं नाही, कापायचाय."

"कापू," त्या म्हणाल्या. "पण मग हात आम्ही नेऊ, दुखणं तुम्ही घरी न्या. चालेल?"

भडका दारातून आत आला.

"हात कापलेल्यांचाही हात दुखतो. नसलेली बोटं दुखतात. तुमची जखम सहा वर्षांपूर्वी बरी झाली. विस्तव विझलाय, पण भाता कोणीतरी मारतच बसलंय. मला त्या भातेवाल्याला जरा वेळ झोपवायचंय. तुम्हाला नाही."

लोहाराला भात्याचं सांगितलं तर कळतं. तो स्टुलावर बसला. बाईंनी मानेच्या खाली, गळपट्टीच्या हाडाजवळ एक यंत्र टेकवलं, पडद्यावर करडं काहीतरी हललं, आणि एक लांब सुई आत गेली. सुई बघून लोहारीण, जिने बावीस वर्षं घण मारला, ती भिंतीला धरून खाली बसली. दहा मिनिटांत भडक्याचा हात आधी कोमट झाला, मग जड, मग नाहीसा. दिसत होता, पण नव्हता. सोबत डावी पापणी अर्धी खाली आली आणि आवाज बसला.

"हे पाच-सहा तास राहील. पापणी, आवाज, सगळं परत येईल," बाई म्हणाल्या. "तोवर हात झोळीत. भट्टी नाही, धार नाही, काम नाही. हात कुठे आहे ते तुम्हाला फक्त डोळ्यांनी कळणार आहे, म्हणून डोळे त्याच्यावर ठेवायचे. आणि आता नीट ऐका. हाताला जाणीव परत येईल, पण दुखणं यायला थोडा वेळ लागेल. अर्धा तास, तास. तेवढ्या वेळात हात चोळायचा. आधी कापसाने, मग टॉवेलने, मग गोणपाटाने. मूठ उघडायची, मिटायची. वहिनी, हे तुम्ही करायचं. एका इंजेक्शनने काही होत नाही, दर वेळी तो वेळ थोडा वाढवत न्यायचा. सुई माझी, पण खरं काम त्या तासाभराचं."

त्या संध्याकाळी भडका अंगणातल्या नळापाशी बसला होता. जाणीव आली. त्याने हात नळाखाली धरला. बराच वेळ धरला.

"पाणी गार आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"असतंच," लोहारीण म्हणाली.

"नाही, म्हणजे नुसतं गार आहे."

चाळीस मिनिटं तो तसाच बसून राहिला. लोहारीण टॉवेल आणि गोणपाट घेऊन पुढे आली तेव्हा म्हणाला, "तू लांब राहा. तुझा हात ह्या हाताला लागायला नको." ती लांब राहिली. मग दुखणं आलं, पण जरा पाय ओढत आलं. आणि त्या रात्री भडका चार तास सलग झोपला, असं शिंप्याने दुसऱ्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला मापं घेता घेता सांगितलं.

आठवड्याने दुसरं इंजेक्शन झालं आणि भडका झोळीत हात घेऊन, अर्ध्या पापणीने, जगावर खूश होऊन घरी आला. आमच्यासाठी हे दृश्य फार भीतीदायक होतं. त्याने शिंप्याला हसून हात केला. शिंप्याने आत जाऊन कडी लावली.

भडका दुकानात डोकावला. फक्त बघायला, असं तो नंतर डॉक्टरबाईंना म्हणाला. लोहारीण खाणीचं तातडीचं काम एकटीच ओढत होती. पहार भट्टीतून काढून ऐरणीवर ठेवली होती, टोक लालभडक. आणि नेमका त्याच वेळी मुकादम आला.

"झाल्या का पहारी?" मुकादमाने विचारलं, आणि भडक्याच्या तोंडाकडे बघून थबकला. "डोळा कोणाला मारतोस रे?"

"कोणाला नाही," भडका घोगऱ्या आवाजात म्हणाला. बसलेल्या आवाजात साधं वाक्यही धमकीसारखं वाजतं.

"माझ्या तोंडावर डोळा मारतोस आणि वर कुजबुजतोस?"

"इंजेक्शन आहे."

"प्यायलास तर प्यायलो म्हण," मुकादम म्हणाला आणि त्याने सवयीने भडक्याच्या छातीवर बोट ठेवून त्याला ढकललं.

एरवी भडक्याने उजव्या हाताने एक दिली असती आणि विषय संपला असता. पण सहा वर्षांत पहिल्यांदाच डावी बाजू दुखत नव्हती, आणि सहा वर्षं ती बाजू जपून जपून माणूस वैतागलेला असतो. तो सगळ्या अंगाने मुकादमावर गेला. झोळीची गाठ सुटली. मुकादमाचं डोकं पत्र्यावर आपटलं, मग भडक्याचं आपटलं. मुकादमाने त्याच्या पोटात गुडघा घातला. भडका वाकला, आणि वाकताना त्याला आपला डावा हात समोर लोंबताना दिसला, ओल्या पोत्यासारखा. उजव्या हाताने त्याने तो डावा हात कोपराच्या खाली धरला, उचलला, आणि त्या हातानेच मुकादमाला हाणलं.

आयुष्यात मी बऱ्याच मारामाऱ्या बघितल्या आहेत. आपलाच एक हात दुसऱ्या हातात घेऊन बडवणारा माणूस तेवढाच. मेलेला हात हे फार वाईट हत्यार आहे. त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही आणि मालकाला कसलीच दया येत नाही. एक फटका कानावर, एक तोंडावर. तिसऱ्याला मुकादमाचं नाक पूर्वेकडे आलं. चौथ्याला मुकादमाने अंग चुकवलं, भडका फटक्याच्या जोराने फिरला, तोल गेला, आणि ऐरणीवर रेलून उभा राहिला. तिथून तो मुकादमाला, त्याच्या बापाला आणि खाणीला शिव्या देत राहिला.

वास आधी लोहारणीला आला. तिने भट्टीकडे बघितलं, मग ऐरणीकडे. भडक्याचा डावा तळवा लाल पहारीवर टेकलेला होता, त्यावर कमर टेकून भडक्याने सगळं वजन टाकलं होतं, आणि भडका मुकादमाच्या आजोबांपर्यंत पोहोचला होता.

तिच्या दोन्ही हातांत सांडशी आणि दुसरी पहार. तिने लाथ मारली. भडका तीन हात लांब जाऊन कोळशात पडला.

"लाथ मारतेस? ह्याच्यासमोर?"

"हाताकडे बघा," ती म्हणाली.

भडक्याने बघितलं. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरी सापडावी तसं बघितलं. तळव्याच्या मधोमध पहारीचा पट्टा उमटला होता, काळा आणि पांढरा, आणि करंगळी आतून उघडी पडली होती. त्याला काहीच होत नव्हतं. मुकादमाने तेवढ्यात बघितलं आणि तो दारात ओकला.

भूल उतरल्यावर काय झालं ते गल्लीने भिंतीतून ऐकलं. त्याबद्दल शिंपीसुद्धा बोलत नाही.

सकाळी हाडांच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली. "दोन आठवडे बघू," ते म्हणाले. "काळं मनगटाकडे सरकलं तर कापावा लागेल." मग त्यांनी जुना कागद वाचला. "म्हणजे, तुमचीच मागणी होती म्हणा."

भडका खाटेची कड धरून बसला होता. घाम गळत होता, ओठ चावून रक्त आलं होतं. शेवटी म्हणाला, "नको."

"काय नको?"

"कापू नका. त्या दिवशी नळाखाली धरला होता, चाळीस मिनिटं. माझा होता तो."

भुलीच्या डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याला एकही शब्द सुनावला नाही, त्यामुळे तो जास्तच खचला. "एक दिवसाआड जखम खरवडून साफ करावी लागेल," त्या म्हणाल्या. "मी हात बधिर करून देईन. इथेच झोपायचं, भूल उतरेपर्यंत घरी जायचं नाही, तुमच्यावर माझा विश्वास नाही. आणि जाणीव आली की दुखणं यायच्या आत जखम सोडून बाकीचा सगळा हात चोळायचा, बोटं हलवायची. मागच्या वेळी केलं नाहीत ना? नुसता बधिर करून ठेवलेला हात आखडतो. आखडला तर न कापताही गेलाच."

पहिली साफसफाई झाली. जाणीव आली. बाईंनी टॉवेल लोहारणीच्या हातात दिला. लोहारणीने तो खाटेवर ठेवला.

"मी नाही हात लावणार."

"वहिनी, वेळ जातोय."

"जाऊ दे. उद्या काळं सरकलं की म्हणतील, हिने चोळला. सहा वर्षं ऐकतेय. नर्सला सांगा, वॉचमनला सांगा. माझा हात त्या हाताला लागायला नको, असं त्यांनीच सांगितलंय."

भडक्याने भिंतीकडे तोंड केलं. शेजारच्या खाटेवरचा पाय मोडलेला म्हातारा उठून बसला, कारण भांडण चांगलं होतं.

"मी दाखवलं होतं," भडका भिंतीला म्हणाला.

"कोणाशी बोलताय?"

"त्या दिवशी. टिचकी मीच दिली होती. मनगटावर." तो वळला. "मी दाखवलं, तू मारलंस. बरोबर मारलंस."

लोहारणीचा चेहरा असा झाला होता की म्हाताऱ्याला वाटलं, आता ही नक्की मारणार, आणि त्याने आपला मोडका पाय दोन्ही हातांनी अलीकडे ओढून घेतला.

"सहा वर्षं लागली एवढं बोलायला?" ती म्हणाली.

"तेवीस मिनिटं राहिली आहेत," डॉक्टरबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "बाकीचं नंतर भांडा."

लोहारणीने टॉवेल उचलला.

पुढचे दोन आठवडे त्या वॉर्डात खून पडतोय असं बाहेरच्यांना वाटायचं. कापसाला भडका कण्हायचा, टॉवेलला ओरडायचा, गोणपाटाला लाथा झाडायचा. एक लाथ औषधाच्या ट्रेला लागली, एक नर्सला, एक लोहारणीच्या हनुवटीला. तिने रक्त पुसलं, त्याची मान गुडघ्याखाली दाबली आणि चोळत राहिली. "मूठ मिटा." "मिटत नाही." "मिटा म्हणते ना." "जीव घेतेस का माझा?" "तो मग घेते, आधी मूठ मिटा." म्हाताऱ्याचा पाय बरा झाला तरी तो दोन दिवस जास्त राहिला.

काळं मनगटापर्यंत आलं नाही. करंगळीचं टोक गेलं, दीड पेर. ते कापायच्या दिवशीही हात असाच बधिर केला होता आणि भडका पडद्याआडून टोक बघायला मागत होता. नंतर तीन महिने दर आठवड्याला सुई, मग महिन्याला. दुखणं गेलं असं कोणी म्हणत नाही, डॉक्टरबाई तर नाहीच. ते आहे. पण मधला तो चाळीस मिनिटांचा वेळ वाढत वाढत एक दिवस झाला, मग चार दिवस. शर्टाला बाही आली, वेगळ्याच रंगाची. हात झोळीत असेल त्या दिवशी दुकानाला बाहेरून कुलूप असतं आणि किल्ली लोहारणीच्या कमरेला.

आम्ही गल्लीकर मात्र फसलो. सगळा राग हाताचा आहे, हात बरा झाला की माणूस निवळेल, असं आम्ही धरून चाललो होतो. शिंप्याने तर काच बदलून घेतली. हात सुधारला, आणि आत भडका जसाच्या तसा निघाला. उलट आता त्याला झोप मिळत होती, त्यामुळे ताजातवाना होऊन भांडायचा.

परवा सकाळी दोघं कामाला लागली होती. डाव्या हातात सांडशी, उजव्यात हातोडी, तासभर तरी डावा हात धरतो आता. टिचकी, घण, टिचकी, घण. मुकादम आला. नाक आता बरोबर मधोमध आहे, दोन्हीकडून मार बसल्यामुळे. त्याने पहारींचा भारा खाली टाकला आणि म्हणाला, "ह्या वेळी पाणी तरी नीट दे."

भडक्याने लोखंड ऐरणीवर टाकलं आणि हातातली सांडशी फेकली. ती मुकादमाच्या कितीतरी अलीकडे, रस्त्याच्या कडेला जाऊन पडली.

लोहारणीने घण खाली ठेवला. ती बाहेर गेली, सांडशी उचलून आणली, आणि नवऱ्याच्या डाव्या हातात ठेवून त्याची चार बोटं एकेक करून तिच्याभोवती मिटवली.

"परत फेका."

भडका गोंधळला. "काय?"

"डाव्या हाताने फेकलीत. बोटं उशिरा सुटली, म्हणून अलीकडे पडली. कोपर सरळ ठेवा."

"वहिनी, मी निघतो," मुकादम म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही हलू नका. दोन मिनिटांचं काम आहे."

मुकादमाने एक पाऊल मागे घेतलं. लोहारणीने त्याच्याकडे फक्त बघितलं. तो होता तिथेच उभा राहिला, दोन्ही हात नाकावर धरून.

दुसरी फेक त्याच्या पायाशी पडली. तिसरी गुडघ्यावर बसली.